मित्रांसोबत नाइटक्लब काढताय? पैसा, कागद आणि भागीदारी कोणत्या क्रमाने करायची

पुण्यात मित्रांनी मिळून काढलेल्या काही क्लबांचे हिशेब आणि करारनामे मी जवळून पाहिले आहेत. त्यातल्या एका क्लबात माझेही पैसे होते. अडचण बहुतेक वेळा एकाच ठिकाणी येते, ती म्हणजे क्रम. आधी जागा आवडते, मग टोकन दिलं जातं. इंटिरियरवाला येतो, डीजेशी बोलणं होतं, नाव ठरतं. भागीदारीचा कागद सगळ्यात शेवटी होतो आणि तोही कुणाच्या तरी जुन्या करारनाम्याची नावं बदलून. तोवर भाडं सुरू झालेलं असतं, लायसन्स आलेलं नसतं आणि पहिलं भांडण पेटलेलं असतं.

खाली दिलेला क्रम महाराष्ट्रातल्या महापालिका हद्दीतल्या जागेसाठी आहे. गोव्यात आणि इतर राज्यांत अबकारीचे नियम वेगळे आहेत, तिथे परवान्यांचा भाग जसाच्या तसा लागू होणार नाही. भागीदारीचा भाग मात्र कुठेही चालेल.

## टप्पा १: पैशाची बैठक, जागा पाहण्याआधी

सगळ्यांनी एकत्र बसा, पण उत्तरं आधी वेगवेगळ्या कागदांवर लिहा. बोलून ठरवायला गेलं की जो मोठ्यानं बोलतो त्याचंच ठरतं.

प्रश्न चार आहेत. मी किती रक्कम घालू शकतो आणि ती पूर्ण बुडाली तर माझं घर चालेल का? ही रक्कम नेमकी कुठून येणार आहे? आठवड्यातल्या किती रात्री मी स्वतः तिथे उभा राहीन? आणि दीड वर्षानं मला बाहेर पडावंसं वाटलं, तर किती दिवसांत किती पैसे परत मिळावेत अशी माझी अपेक्षा आहे?

मग प्रत्येकानं आपला कागद वाचून दाखवायचा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. आमच्या चौघांपैकी एकानं घातलेले पैसे त्याच्या वडिलांच्या निवृत्तीचे होते. त्यानं ते सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. आठ महिन्यांनी वडिलांचं ऑपरेशन निघालं आणि त्याला पैसे परत हवे होते. त्याचं मागणं रास्त होतं. पण पैसे भिंतीत, साउंडमध्ये आणि डिपॉझिटमध्ये अडकले होते, आणि बाहेर पडणाऱ्याला कसं मोकळं करायचं याची एक ओळही आमच्या कागदात नव्हती. धंदा कसाबसा उभा राहिला. त्या मित्राच्या घरी मात्र आम्ही कुणीच आता जात नाही.

म्हणून या बैठकीनंतर दुसरी एक बैठक घ्या, जिच्यात नवरा, बायको किंवा आईवडील असतील. रात्री दीडपर्यंत चालणारा धंदा आहे, दारूचं लायसन्स नावावर येणार आहे, बँक हमी मागणार आहे. घरच्यांना हे नंतर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

तपासणी: एकाचाही पैसा उसना, दुसऱ्याच्या नावावरचा किंवा वर्षभरात लागणारा असेल, तर तो भांडवलात धरू नका. तो आकडा वजा करून उरलेल्या रकमेत क्लब होतो का, ते पाहा.

## टप्पा २: महिन्याचा आकडा मांडा

बहुतेक जण उभारणीचा खर्च काढतात आणि तिथेच थांबतात. उभारणीचा खर्च एकदाच करायचा असतो, महिन्याचा खर्च मात्र दर महिन्याला दारात उभा असतो. आधी तो मांडा.

समजा, अडीच हजार चौरस फुटांची जागा आहे. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या जागेचे आकडे त्यांच्या जागी घाला.

भाडं ४,००,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ७२,०००. पगार ५,५०,०००. वीज, गॅस, जनरेटर १,३०,०००. वार्षिक परवाना शुल्कांसाठी दर महिन्याला बाजूला काढायचे १,००,०००. डीजे आणि संगीत १,६०,०००. सुरक्षा ९०,०००. जाहिरात ८०,०००. दुरुस्ती, हिशेबनीस आणि किरकोळ ६८,०००. बेरीज १६,५०,०००. यात कर्जाचा हप्ता धरलेला नाही.

आता विक्रीची बाजू. मेन्यूवरच्या किमतीतून कर आधी बाजूला काढा, कारण तो पैसा तुमचा नाही. उरलेल्या शंभर रुपयांतून दारू आणि खाण्याचा माल वजा जाता साठ रुपये हातात राहतात असं धरू. म्हणजे १६.५ लाखांचा खर्च भागवायला करांशिवायची विक्री महिन्याला २७.५ लाख हवी.

ही विक्री तीस दिवसांवर सारखी वाटून टाकली की आकडा सोपा दिसतो आणि तिथेच फसगत होते. क्लबचा धंदा शुक्रवार-शनिवारवर चालतो. सत्तर टक्के विक्री या दोन रात्रींत येते असं धरलं, तर महिन्यातल्या आठ रात्रींत १९.२५ लाख, म्हणजे रात्रीला सुमारे २ लाख ४० हजार आले पाहिजेत. माणशी खर्च करांशिवाय १,२०० रुपये असेल, तर दर शुक्रवारी आणि शनिवारी दोनशे पैसे देणारी माणसं लागतात. पाहुणे आणि फुकट प्रवेशवाले यात धरायचे नाहीत. उरलेल्या रात्रींतही रोज तीस-एकतीस माणसं लागतात.

तुमच्या जागेत दोनशे माणसं सुरक्षितपणे मावतात का? मावत नसतील, तर ही जागा या भाड्याला परवडत नाही. हा निर्णय कागदावर पाच मिनिटांत होतो आणि टोकन दिल्यावर पाच महिन्यांतही होत नाही.

सावध, जीएसटी: रेस्टॉरंटच्या खाद्यपदार्थांवर ५ टक्के जीएसटी लागतो, पण त्यात खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. दारू तर जीएसटीच्या बाहेरच आहे, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो. त्यामुळे भाडं, फर्निचर, साउंड, एसी यांवर भरलेला जीएसटी तुमच्या खिशातून जातो. ७० लाखांच्या इंटिरियरवर १८ टक्क्यांनी १२.६ लाख होतात. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात 'कर वेगळे' असं लिहिलेलं असतं, ते वाचा. जागामालकाची जीएसटी नोंदणी नसेल, तर भाड्यावरचा कर तुम्हालाच भरावा लागू शकतो. त्यामुळे 'मालक नोंदणीकृत नाही, म्हणजे १८ टक्के वाचले' असं धरू नका.

सावध, दर बदलतात: नोव्हेंबर २०२३ मध्ये परमिट रूममधल्या मद्यविक्रीवरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचं उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट करायचं ठरवलं. परवाना शुल्कही वाढलं. १४ जुलै २०२५ ला राज्यभरातल्या बारमालकांनी एक दिवस बंद पाळला तो याच वाढीविरुद्ध. तुमच्या गणितात माल १५ टक्क्यांनी महागला, तरी क्लब चालतो का, हे एकदा मांडून पाहा.

उभारणीच्या खर्चात दोन ओळी हमखास राहून जातात. पहिली म्हणजे लायसन्स येईपर्यंतचं भाडं. वरच्या नमुन्यात चार महिन्यांचे १८.८८ लाख होतात. दुसरी म्हणजे उघडल्यानंतर गल्ला रुळेपर्यंतची गंगाजळी. किमान चार महिन्यांचा खर्च, म्हणजे ६६ लाख, बँकेत असल्याशिवाय दार उघडू नका. हा आकडा ऐकून अनेक जण इथेच थांबतात. थांबलेल्यांची मैत्री टिकलेली मी पाहिली आहे.

## टप्पा ३: जागा, टोकन देण्याआधी

आवडलेल्या जागेचे हे कागद मालकाकडून मागून घ्या: भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, मिळकत कराची पावती, वीजजोडणीचा मंजूर भार आणि सोसायटी असेल तर तिचं ना हरकत पत्र. मंजूर नकाशा हातात घेऊन जागेत फिरा. नकाशात नसलेला पोटमाळा, झाकलेली साइड मार्जिन (इमारतीच्या बाजूला मोकळी सोडायची जागा), पत्र्याचं छप्पर घातलेली गच्ची, यातलं काही दिसलं तर ती जागा तुमच्या क्षेत्रफळात धरू नका. महापालिकेची कारवाई मालकाच्या बांधकामावर होते आणि धंदा तुमचा बंद पडतो.

शाळा, महाविद्यालय, धार्मिक स्थळ यांपासूनच्या अंतराची अट राज्य उत्पादन शुल्क विभाग मोजून पाहतो. आधी स्वतः टेप घेऊन मोजा आणि मग विभागाच्या कार्यालयात जाऊन ते कुठून कुठपर्यंत मोजतात ते विचारा. शेजारच्या गल्लीतलं छोटं देऊळ ब्रोकर तुम्हाला दाखवणार नाही.

आवाजाचं आताच पाहा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ हा वेळ रात्रीचा धरतात. या वेळेत निवासी भागात ४५ आणि व्यापारी भागात ५५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वरच्या मजल्यावर लोक राहत असतील किंवा क्लबचा जीव गच्चीवरच असेल, तर दहानंतर काय करणार याचं उत्तर टोकनआधी हवं.

टोकन द्यायचंच असेल, तर एका पानाचा लेखी करार करा: मद्यपरवान्यासाठी जागा अपात्र ठरली, तर टोकन अमुक दिवसांत परत. मालक या ओळीवर सही करायला तयार नसेल, तर तो काहीतरी जाणतो असं समजा.

सावध: लिव्ह अँड लायसन्सचा अंतिम करार आत्ता कुणा एका मित्राच्या नावावर करू नका. तो फर्मच्या नावावर व्हायला हवा आणि फर्म अजून जन्माला यायची आहे. पहिली सही एकाच्या नावावर झाली की पुढचे सगळे परवाने त्याच नावामागे ओढले जातात.

## टप्पा ४: फर्म, एलएलपी की कंपनी

साध्या भागीदारीत, म्हणजे १९३२ च्या कायद्याखालच्या फर्ममध्ये, फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकेकटा आणि सगळे मिळून जबाबदार असतात. सप्लायरनं तिघांना सोडून तुमच्याकडूनच पूर्ण वसुली केली, तरी ते कायद्यात बसतं. फर्म नोंदलेली नसेल, तर करारातला हक्क मागायला तिला न्यायालयात दावा लावता येत नाही. भागीदारीची मुदत लिहिली नसेल, तर कुणीही एक भागीदार नोटीस देऊन ती मोडू शकतो.

एलएलपीमध्ये, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत, देणं साधारण घातलेल्या रकमेपुरतं राहतं. नोंदणीनंतर ३० दिवसांत भागीदारांचा करार दाखल करावा लागतो. करारच केला नाही, तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले नियम लागू होतात: सगळ्यांना नफा समान आणि राबणाऱ्याला मोबदला नाही. जमलेल्या मैत्रीची वाट लावायला एवढं पुरेसं आहे. वार्षिक विवरणपत्र ३० मेपर्यंत आणि हिशेबपत्रक ३० ऑक्टोबरपर्यंत भरावं लागतं. उलाढाल ४० लाखांवर किंवा भांडवल २५ लाखांवर गेलं की ऑडिट आलं. तुमच्या आकड्यांत ते येणारच.

बाहेरचे गुंतवणूकदार घ्यायचे असतील, तर खासगी मर्यादित कंपनी सोयीची. चार मित्र आणि एक जागा एवढंच असेल, तर माझं मत एलएलपीच्या बाजूनं आहे. पण दोन गोष्टींत एलएलपी तुम्हाला वाचवत नाही. बँकेला दिलेली वैयक्तिक हमी वैयक्तिकच राहते. आणि मद्यपरवान्याच्या अटी मोडल्या, तर गुन्हा माणसांवर दाखल होतो.

## टप्पा ५: करारनामा

या टप्प्याला दोन आठवडे द्या. वकील आणि सीए तुमच्या सगळ्यांचे हवेत, एकाच्या मामाचे नकोत.

पैसा, श्रम आणि हमी वेगवेगळ्या मोजा. नेहमीचं उदाहरण घ्या: तिघे प्रत्येकी ३० लाख घालतात, चौथा ६ लाख घालतो पण नोकरी सोडून पूर्णवेळ क्लब सांभाळणार आहे. उत्साहात चौघांना २५-२५ टक्के ठरतात. सहा महिन्यांनी तिघांना वाटतं की याला फुकट हिस्सा मिळाला, आणि चौथ्याला वाटतं की मी एकटा राबतोय. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात. उपाय असा: राबणाऱ्याला पहिल्या महिन्यापासून पगार, बाजारभावापेक्षा थोडा कमी, पण ठरलेला. त्याचा हिस्सा पैशाच्या प्रमाणात सुरू होतो आणि दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी चार वर्षांपर्यंत वाढतो. मध्येच सोडलं, तर तोवर कमावलेला हिस्सा त्याचा. बँकेला ज्यानं घराची किंवा स्वतःची हमी दिली, त्याला हमीबद्दल वेगळा मोबदला लिहा, नाहीतर जोखीम एकाची आणि नफा चौघांचा होतो.

भांडवल आणि कर्ज वेगळं ठेवा. ३० लाखांपैकी २० भांडवल आणि १० फर्मला दिलेलं कर्ज, असं चालतं. भागीदाराला दिलेल्या व्याजाची आयकरात वजावट वार्षिक १२ टक्क्यांपर्यंतच मिळते. एप्रिल २०२५ पासून भागीदाराला दिलेला पगार, व्याज आणि कमिशन वर्षाला २० हजारांवर गेलं की १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापावा लागतो. पहिल्या वर्षी हे हमखास विसरलं जातं.

आणखी पैसे लागले तर? ते लागतातच. कुणी किती दिवसांत घालायचे, न घातल्यास त्याचा हिस्सा कोणत्या सूत्रानं कमी होईल, हे आकड्यांचं उदाहरण देऊन लिहा. शब्दांत लिहिलेलं सूत्र प्रत्येक जण आपल्याला हवं तसं वाचतो.

बाहेर पडणं. हे कलम सगळ्यात आधी लिहा, म्हणजे ते पुरेसं शांत डोक्यानं लिहिलं जाईल. पहिली दोन वर्षं कुणी बाहेर पडायचं नाही, पण आजारपण आणि मृत्यू अपवाद. किंमत कोण ठरवणार: बाहेरचा मूल्यमापक, की मागच्या बारा महिन्यांच्या नफ्याच्या ठरलेल्या पटीत? पैसे किती हप्त्यांत? हिस्सा आधी उरलेल्या भागीदारांना द्यायचा, मगच बाहेरच्याला. मृत्यू झाला तर वारसाला पैसे मिळतील, खुर्ची मिळणार नाही. निघाल्यावर किती अंतरात, किती काळ दुसरा क्लब काढायचा नाही. साध्या भागीदारीत बाहेर पडणाऱ्यानं जाहीर नोटीस दिली पाहिजे, नाहीतर तो गेल्यानंतरच्या देण्यातही तो अडकू शकतो.

मद्यपरवान्यावर भागीदारांची नावं असतात. नाव घालायला किंवा काढायला उत्पादन शुल्क विभागाची मंजुरी लागते आणि त्याचं शुल्कही भरावं लागतं. ते कोण भरणार आणि मंजुरी येईपर्यंत निघालेल्याची जबाबदारी कोण घेणार, हेही याच कलमात लिहा.

दोन विरुद्ध दोन. चार भागीदार असतील, तर मतं अडतात. रोजच्या गोष्टी चालवणारा एकटा ठरवेल, ठरलेल्या रकमेवरचा खर्च तिघांच्या संमतीनं आणि कर्ज, जागाबदल किंवा नवा भागीदार चौघांच्या संमतीनं. तरीही अडलं, तर ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे अशा बाहेरच्या माणसाचं नाव लिहून ठेवा आणि त्यालाही ते विचारून घ्या.

मित्रांची बिलं. करारनाम्यात हे लिहायला लोक लाजतात. मी पाहिलेल्या बहुतेक वादांची सुरुवात इथूनच झाली. प्रत्येक भागीदाराचा शनिवारी एक टेबल, त्यावर मित्र, मित्रांचे मित्र आणि 'बिल लावू नको रे'. महिन्याला प्रत्येकाची मर्यादा ठरवा, पाच हजार म्हणा. प्रत्येक पेगचं बिल निघालंच पाहिजे, मर्यादेवरची रक्कम त्याच्या हिस्स्यातून वजा. बारटेंडरला हे लेखी सांगा, म्हणजे मालकाला नाही म्हणायची वेळ त्याच्यावर येणार नाही.

तपासणी: करारनामा प्रत्येकानं घरी नेऊन चार दिवस ठेवावा आणि घरच्या एका माणसाला वाचायला द्यावा. कुणाचीच एकही दुरुस्ती आली नाही, तर तो कुणी वाचलेला नाही.

## टप्पा ६: पैसा उभा करणं

एलएलपीची नोंदणी, पॅन आणि बँक खातं झालं की प्रत्येकानं आपली रक्कम त्या खात्यात बँकेतून टाकायची. रोख नको. २० हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीनं घेणं आयकर कायद्याला चालत नाही, आणि मित्रानं 'कॅशमध्ये' घातलेले दहा लाख वादाच्या दिवशी कुठल्याच कागदावर सापडत नाहीत.

बँका नव्या क्लबला सहजी कर्ज देत नाहीत. मालमत्ता तारण असेल किंवा आधीचा धंदा असेल, तर बोलणं होतं. यंत्रसामग्रीसाठी, म्हणजे एसी, किचन आणि साउंडसाठी, मुदत कर्ज मागणं तुलनेनं सोपं. त्याचे हप्ते उघडल्याच्या तारखेनंतर सुरू होतील अशी सवलत मागा आणि ती मंजुरीपत्रात लिहून घ्या. अर्ज करण्याआधी सगळ्यांचा सिबिल अहवाल काढा. एकाचा थकलेला क्रेडिट कार्डाचा हप्ता चौघांचं कर्ज अडवतो.

ओळखीतल्या दहा-पंधरा जणांकडून प्रत्येकी दोन लाख गोळा करण्याचा मोह होतो. तोंडी आश्वासनावर तसं करू नका. 'सायलेंट पार्टनर' म्हणून घेतलेला माणूस परवान्यावर नसतो, करारात नसतो, पण शनिवारी दारात येतो आणि स्वतःला मालक म्हणवतो.

## टप्पा ७: भाडेकरार आणि परवाने

आता लिव्ह अँड लायसन्स, फर्मच्या नावानं. तो लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे. मुदत साधारण पाच वर्षांची असते. मालक पहिली तीन वर्षं काढू शकणार नाही, तुम्ही तीन महिन्यांच्या नोटिशीनं निघू शकाल, आणि भाडं मद्यपरवाना आल्यापासून सुरू होईल, या तीन ओळींसाठी ताणून धरा. तिसरी मिळाली नाही, तर निदान तीन महिने भाडेमाफी मागा.

मग परवाने. विदेशी मद्य बसून पिण्याच्या जागेला एफएल-३ परवाना लागतो. तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो, त्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च आणि शुल्क शहराच्या लोकसंख्येनुसार बदलतं. जानेवारीत परवाना मिळाला, तर पुढचं नूतनीकरण मार्चअखेर दारात असतं, तो पैसा धरून ठेवा. प्रत्येक भागीदाराची पोलीस पडताळणी होते, त्यामुळे कुणावर जुना गुन्हा असेल तर तो आता सांगितलेला बरा.

दुसऱ्याचं चालू लायसन्स चालवायला घेण्याचा मार्गही आहे. जून २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयानुसार एफएल-३ कंडक्टिंग कराराने चालवता येतं, त्यासाठी वार्षिक शुल्काच्या १० टक्के जादा भरावे लागतात. घेण्याआधी मूळ परवान्यावर केसेस आणि थकबाकी आहे का, आणि त्या परवान्यावरच्या सगळ्या भागीदारांनी सही केली आहे का, हे पाहा.

सावध: परमिट रूम म्हणजे क्लब नव्हे. एफएल-३ मुळे मद्य देता येतं. डीजे, लाइव्ह संगीत आणि नाचायची फरशी यांसाठी पोलिसांच्या परवानग्या वेगळ्या असतात. रेकॉर्ड केलेलं संगीत वाजवण्याचे हक्कही वेगळे घ्यावे लागतात, ते देणाऱ्या संस्थांपैकी पीपीएल आणि आयपीआरएस ही ठळक नावं. ते पैसे वार्षिक खर्चात धरा.

याशिवाय अन्न परवाना, दुकाने व आस्थापना नोंदणी, अग्निशमन दलाचं ना हरकत आणि महापालिकेचा आरोग्य परवाना. रात्री साडेनऊनंतर महिला कर्मचारी कामावर ठेवायच्या असतील, तर त्यांची संमती आणि सुरक्षितता ही कायद्याची अट आहे. घरी सोडायची गाडी पहिल्या दिवसापासून खर्चात लिहा.

## टप्पा ८: इंटिरियर, पण आगीचा माणूस आधी

डिझायनरच्या आधी परवानाधारक अग्निसुरक्षा एजन्सीला जागेत आणा. बाहेर पडायचे मार्ग, दारं कोणत्या बाजूला उघडतात आणि किती माणसं, हे ठरल्यावरच बार कुठे आणि डीजे कुठे ते ठरवा.

डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवर लागलेल्या आगीत १४ जण गेले. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफडे इथल्या नाइटक्लबच्या आगीत २५ जण गेले, त्यात तिथलेच कर्मचारी मोठ्या संख्येनं होते. म्हणून छतासाठी आणि भिंतींसाठी पेट घेणारं कापड, बांबू, फोम वापरू नका. आत फटाके आणि ठिणग्या उडवणारी उपकरणं कुठल्याही वाढदिवसाला नकोत. मागचं दार शनिवारी फुकट्यांना अडवायला कुलूपबंद करणं हा गुन्हा समजा. बाउन्सरला किल्ली देऊन चालत नाही, दार आतून ढकलल्यावर उघडलंच पाहिजे.

अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं नमुना 'ब' प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. भिंतीवर तारीख लावून ठेवा.

तपासणी: उघडण्याच्या आठवडाभर आधी रात्री मुख्य वीज बंद करा आणि आपल्याच पन्नास ओळखीच्यांना मागच्या दारानं बाहेर काढा. वेळ मोजा. अडखळायला होतं ती पायरी, तो सोफा, तो पडदा त्याच रात्री हलवा.

## टप्पा ९: दार उघडल्यावर

वय. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षं, तर इतर विदेशी मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण हवीत. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव गाडीनं दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. गाडी चालवणारा १७ वर्षांचा होता आणि त्याआधी त्याला मद्य दिलं गेलं होतं. त्या प्रकरणात संबंधित ठिकाणच्या चालक-व्यवस्थापकांना अटक झाली आणि ती ठिकाणं सील झाली. दारात ओळखपत्र पाहा आणि २१ व २५ साठी मनगटावर वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या बांधा. भागीदाराचा भाचा असला, तरी तोच नियम.

बाटली. ७५० मिलीच्या बाटलीतून ३० मिलीचे २५ पेग निघतात. सांडलवंड धरून २४ ची बिलं मिळालीच पाहिजेत. रोज रात्री उघड्या बाटल्या वजनकाट्यावर ठेवा, बारटेंडर आणि बारचा नसलेला एक माणूस दोघांनी मिळून. उत्पादन शुल्काची नोंदवही रोजच्या रोज लिहा आणि माल फक्त परवानाधारक ठोक विक्रेत्याकडून, वाहतूक पाससह घ्या. तपासणीत नोंद आणि बाटल्या जुळल्या नाहीत की केस तयार होते.

गल्ला. काउंटरवर फर्मच्या खात्याचाच क्यूआर कोड हवा. 'आज मशीन बंद आहे, माझ्या नंबरवर टाका' हे वाक्य एकदा चाललं की पुन्हा पुन्हा चालतं. सकाळी रोकड, कार्ड आणि यूपीआय यांची बेरीज बिलांशी जुळवून चौघांच्या ग्रुपवर टाका.

ड्राय डे. २ ऑक्टोबर, मतदान संपण्याआधीचे ४८ तास, विसर्जनाच्या काळातले जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश, हे सगळं वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडरवर लाल करा. यातली एखादी तारीख शनिवारी आली, तर त्या महिन्याचं गणित आधीच बदला.

पहिले नव्वद दिवस नफा वाटायचा नाही. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दुपारी, क्लब बंद असताना, चौघांनी समोरासमोर बसायचं: विक्री, खर्च, बँकेतली शिल्लक, भागीदारांची बिलं आणि सरकारी देणी. शिल्लक दोन महिन्यांच्या खर्चाखाली आली, तर त्याच बैठकीत ठरवायचं की नवे पैसे कोण घालणार, की खर्च कुठे कापायचा. आणि त्या बैठकीचं टिपण चौघांच्या सहीनं फाइलला लावायचं.